चुंबकाच्या भरवशावर माणूस टांगू नका

गर्डरला भोक पाडणे हे काम लांबून पाहणाऱ्याला किरकोळ वाटते. ज्याने रॅचेट हाताने फिरवून जाड प्लेटमध्ये भोके पाडली आहेत, त्याला विचारा खांदे कसे भरून येतात ते. म्हणूनच मॅग्नेटिक ड्रिल आले तेव्हा आपल्या कामगाराने त्याचे स्वागतच केले. आमचा विरोध यंत्राला कधीच नव्हता. यंत्र हाती देऊन कामगाराला वाऱ्यावर सोडण्याला आहे.

टपाल खात्यातील बंधूभगिनींना वाटेल, हा विषय रेल्वेच्या फिटरचा. पण शिकवण न देता नवे यंत्र टेबलावर आणून ठेवायचे आणि चूक झाली की मेमो द्यायचा, हा अनुभव काउंटरवरच्या कामगारालाही आहे. फरक इतकाच की इथे चुकीची किंमत मेमोने नाही, हातपाय मोडून चुकवावी लागते.

यंत्र समजून घेऊ. खाली विजेचा चुंबक, वर मोटर. चुंबक पोलादाला चिकटतो आणि पोकळ कटर भोक पाडतो. साधे ड्रिल भोकातले सगळे पोलाद कापून काढते. हा कटर फक्त कडेची गोल चीर कापतो, मधला गाभा अखंड बाहेर पडतो. २२ मि.मी.च्या भोकात १४ मि.मी.चा गाभा राहिला, तर सुमारे ४० टक्के पोलाद कापावेच लागत नाही. त्यामुळे वेळ वाचतो आणि भोक साफ येते. पुलाच्या कामात गॅसने भोक जाळून काढणे चालत नाही. मनमाड, अरक्कोणम, जालंदर येथील रेल्वेच्या पूल-वर्कशॉपमधील कामगाराला हे सांगायला नको. भोकाची कड जळकी, फाटकी राहिली की तिथूनच तडा सुरू होतो, आणि त्याच पुलावरून प्रवासीही जातात व टपालाची पोतीही.

आता धोका. वीज आहे तोवरच चुंबक आहे. वीज गेली, कोणाच्या पायाने प्लग निघाला, की पकड सुटली. एका कामावर उभ्या प्लेटवर लावलेले यंत्र असेच सुटलेले आम्ही पाहिले आहे. ते साखळीला लोंबकळत राहिले, म्हणून खालचा खलाशी वाचला. साखळी त्या दिवशी बांधली होती, कारण गँगमधल्या जुन्या मिस्त्रीने हट्ट धरला होता. त्याच्या अंगावर ड्रिलपेक्षा जास्त वर्षांचा अनुभव होता. कामगाराचा जीव एका मिस्त्रीच्या हट्टावर अवलंबून असावा काय?

पकड कमी होण्याची कारणे रोजचीच आहेत. प्लेटवर गंज, रंगाचा जाड थर किंवा लोखंडाचा कीस असला, की चुंबक नीट बसत नाही. साधारण १० मि.मी.पेक्षा पातळ प्लेटवर पकड कमी होत जाते. त्याच गर्डरवर वेल्डिंग चालू असेल तर यंत्र लावू नये. आणि कटर बोथट झाला की कामगार हँडलवर जोर देतो. त्या जोराने चुंबकच उचलला जातो. स्टोअरमधून नवा कटर वेळेवर न मिळणे ही काटकसर नव्हे, अपघाताची तयारी आहे. सुटलेला गाभा गरम असतो. उंचावरून तो खालच्या माणसावर पडतो, म्हणून खाली कोणी उभे राहता कामा नये. हातमोजे घालून फिरत्या कटरजवळ हात नेऊ नये. कीस काढायचा तो यंत्र बंद करून, आकड्याने.

१९४८ च्या कारखाने कायद्यात १९८७ साली दुरुस्ती होऊन कामगाराला माहिती, सूचना व प्रशिक्षण देण्याची जबाबदारी मालकावर स्पष्टपणे टाकली गेली. पुढे २०२० ची सुरक्षा संहिता आली. तीतही कामाची जागा धोकामुक्त ठेवणे हे मालकाचेच कर्तव्य आहे. कायदा बदलला म्हणून जबाबदारी कामगाराच्या गळ्यात येत नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक यंत्राबरोबर साखळी इश्यू करा. यंत्र हाती देण्यापूर्वी मराठीत, तमिळमध्ये, पंजाबीत, ज्याच्या त्याच्या भाषेत शिकवा. धारदार कटर स्टोअरमध्ये ठेवा. आणि हे सारे ठेकेदाराच्या कामगारालाही लागू करा. आज उंचावरच्या कामावर पुष्कळदा तोच असतो, आणि साखळी मागण्याची हिंमत त्यालाच सर्वांत कमी असते. त्याच्यासाठी आवाज उठवणे हे कायम कामगाराचे कर्तव्य आहे. तो आपला प्रतिस्पर्धी नाही, भाऊ आहे.

शाखा सचिवांनी येत्या महिन्यात आपापल्या वर्कशॉपमधील व साइटवरील यंत्रे पाहावीत, साखळ्या मोजाव्यात आणि लेखी अहवाल पाठवावा. तोवर प्रत्येकाने एवढे ठरवावे : साखळी नाही, तर स्विच नाही. सुपरवायझर ओरडला तरी चालेल. भोक उद्याही पाडता येईल.