न मोजलेले कर्तृत्व

अमेरिकी बास्केटबॉलमधील श्रेष्ठ ‘सेंटर’ कोण, हा वाद जुना आहे. १९६१-६२ च्या हंगामात विल्ट चेंबरलेनने सामन्यागणिक सरासरी ५०.४ गुण मिळविले. एका सामन्यात तर १००. तरीही त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान, तोही खेळाडूंच्याच मतदानाने, बिल रसेलला मिळाला. प्रतिस्पर्ध्यांच्या फेकी अडविण्यात रसेलचा हातखंडा होता. मात्र अशा अडवणुकीची अधिकृत नोंद १९७३-७४ पासूनच होऊ लागली. ही उणीव रसेलच्या बाबतीत १३ हंगामांतील ११ अजिंक्यपदांनी भरून काढली. नेट थरमंडला तेही भाग्य लाभले नाही. १९७४ मध्ये एकाच सामन्यात गुण, रिबाउंड, सहाय्यक पास व अडवणूक या चारही बाबतींत दोन अंकी मजल मारणारा तो पहिला अधिकृत मानकरी. परंतु त्याच्या खेळाचा बहर तोवर ओसरला होता.

गृहिणीचे श्रम राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाहीत. म्हणून ते मूल्यहीन ठरत नाहीत. आकडे अवश्य पाहावेत, पण काय मोजलेच गेले नाही, हे आधी विचारावे. रसेल आणि चेंबरलेन यांचा निवाडा केवळ आकड्यांवर करणे धोक्याचे आहे. थरमंडवर तर तो उघड अन्याय होय.