मतपेटी आणि मालकीहक्क

वॉशिंग्टन ही अमेरिकेची राजधानी. परंतु कित्येक दशके कृष्णवर्णीयांचे शहर हीच तिची ओळख होती. १९७० च्या जनगणनेत त्यांचे प्रमाण ७१ टक्के होते. २०११ मध्ये ते निम्म्याखाली आले आणि २०२० मध्ये सुमारे ४१ टक्क्यांवर उतरले. विशेष हे की, १९७३ च्या कायद्याने शहराला मर्यादित स्वराज्य मिळाल्यावर १९७४ ते २०२२ या काळात निवडून आलेला प्रत्येक महापौर कृष्णवर्णीयच होता. सत्ता हाती असताना वस्ती हातची का जावी, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

त्याचे उत्तर मतपेटीत नसून मालमत्तेच्या दप्तरात आहे. १९३४ साली स्थापन झालेल्या संघीय गृहनिर्माण प्रशासनाने कृष्णवर्णीयांच्या वस्त्या कर्जासाठी धोक्याच्या ठरविल्या. गोऱ्यांना उपनगरांत सुलभ हप्त्यांनी घरे मिळाली. कृष्णवर्णीयांच्या वाट्याला बहुशः भाडेकरूपण आले. घरांच्या व्यवहारातील वंशभेद कायद्याने निषिद्ध झाला तो एप्रिल १९६८ मध्ये, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभराने. तोवर त्या हत्येने उसळलेल्या दंगलीत यू स्ट्रीट व शॉ या भागांतील अनेक दुकाने जळून गेली होती. भांडवलाने पुढे दीर्घकाळ तिकडे पाठ फिरविली.

१९९१ मध्ये यू स्ट्रीटला भुयारी रेल्वेचे स्थानक झाले आणि सार्वजनिक पैशाने आसपासच्या जमिनीचे मोल वाढविले. जी स्वस्ताई कर्ज नाकारल्यामुळे उद्भवली होती, तीच आता नव्या भांडवलाला आकर्षक वाटू लागली. वाढलेले मोल मालकाच्या पदरी पडले. भाडेकरूच्या वाट्याला भाडेवाढ आली.

शहर सोडणारा प्रत्येक जण हुसकावला गेला, असे मात्र म्हणता येणार नाही. कृष्णवर्णीय मध्यमवर्गातील अनेक कुटुंबे शेजारच्या मेरीलँडमधील प्रिन्स जॉर्जेस काउंटीत स्वेच्छेने गेली. ज्यांची स्वतःची घरे होती, त्यांना ती चांगल्या किमतीस विकताही आली. परंतु यावरून मूळ मुद्दाच अधिक स्पष्ट होतो: राहावे की जावे, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य मालकाला असते, भाडेकरूला क्वचितच.

हे ओळखूनच १९८० च्या कायद्याने इमारत विक्रीस निघाल्यास ती विकत घेण्याचा पहिला अधिकार भाडेकरूंना दिला. २०१८ मध्ये एककुटुंबी घरे त्यातून बहुतांशी वगळण्यात आली. शिवाय भांडवल नसलेल्याला खरेदीचा अधिकार देणे म्हणजे रिकाम्या हाती बाजारात पाठविणे होय. अधिकारामागोमाग अल्पव्याजी कर्ज आले, तरच त्याला अर्थ राहतो.

रंगभेदाचा जुना अन्याय आता रंगाचे नाव न घेता, बाजारभावाच्या निर्विकार भाषेत चालू राहू शकतो. महापौर कोणत्या वर्णाचा, हा प्रश्न गौण नव्हे. परंतु सार्वजनिक खर्चाने वाढलेले जमिनीचे मोल कोणाच्या पदरी पडते, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. त्याला हात न घालणारी सत्ता वस्ती राखू शकत नाही, आणि कालांतराने स्वतःचा जनाधारही गमावून बसते.