पंखांवरचे सोवळे : जुन्या बायप्लेनला लिनन की पॉलिएस्टर?

१/ राइट बंधूंचे १७ डिसेंबर १९०३ रोजी उडालेले विमान वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. सांगाडा तोच, पंखांवरचे कापड मात्र १९८५ च्या डागडुजीतले. त्याआधीचे कापड १९२७ चे होते आणि ते खुद्द ऑर्व्हिल राइट यांनी चढवून घेतले होते. म्हणून त्या विमानाला कोणी नकली म्हणत नाही. एखाद्या जुन्या टायगर मॉथच्या पंखांवर पॉलिएस्टर चढले, की मात्र ‘इतिहास बाटला’ अशी ओरड सुरू होते. हा धागा त्या ओरडीविषयी आहे.

२/ ओरड करणाऱ्यांचे म्हणणे असे : अस्सल कापड म्हणजे आयरिश लिनन. ते न मिळाल्यास सुती चालेल. पॉलिएस्टर हे प्लॅस्टिक, ते चढवलेले विमान म्हणजे केवळ देखावा. ऐकायला हे इतिहासनिष्ठ वाटते. प्रत्यक्षात ते सोवळे आहे, आणि सर्व सोवळ्यांप्रमाणे याचेही नियम सोयीने पाळले जातात.

३/ आधी राइट बंधूंच्या कापडाविषयी. इंग्रजीतला ‘मस्लिन’ हा शब्द वाचून मराठी लेखक बिनदिक्कत ‘मलमल’ लिहितात आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे ढाक्याचा झिरझिरीत पदर येतो. अमेरिकेत मस्लिन म्हणजे साध्या विणीचे, घट्ट, कोरे सुती कापड. मराठी घरातल्या मांजरपाटाशी त्याचे नाते अधिक जवळचे. ‘प्राइड ऑफ द वेस्ट’ या नावाने ते विकले जाई आणि बायकांच्या आतल्या कपड्यांसाठी वापरले जाई. बंधूंनी ते तिरपे कापून लावले, म्हणजे धागे पंखाशी ४५ अंशांचा कोन करतील आणि कापडच सांगाड्याला ताण देणाऱ्या तारांचे काम करील. त्यावर रोगणाचा एक हातही दिला नव्हता. जे दुकानात मिळाले आणि काम भागवील असे वाटले, ते त्यांनी घेतले.

४/ लिननची निवडही याच न्यायाने झाली. महाराष्ट्रात जवस ठाऊक आहे तो चटणीपुरता. त्याच वनस्पतीच्या खोडातून आयर्लंड, बेल्जियम आणि रशियात धागा काढला जाई. हा धागा लांब, वजनाच्या मानाने फार बळकट आणि भिजला तर अधिकच चिवट. म्हणून ब्रिटिशांनी विमानांसाठी लिनन धरले. पुढे १९१४ मध्ये बेल्जियमचा मोठा भाग जर्मनांच्या हाती गेला आणि १९१७ नंतर रशियाचा पुरवठा बेभरवशाचा झाला. लिननची टंचाई भासताच अमेरिकेने कापसाकडे मोर्चा वळवला. मर्सराइज केलेले ‘ग्रेड ए’ सुती कापड पुढे कित्येक दशके तिथले प्रमाण कापड ठरले. तिथल्या कोणाही अभियंत्याने लिननच्या विरहात सुतक पाळले नाही.

५/ या गोष्टीत भारताचाही एक धागा आहे. दुसऱ्या महायुद्धातील प्रसिद्ध ‘मॉस्किटो’ विमानाचा लाकडी सांगाडा गुळगुळीत राहावा म्हणून त्यावर ‘मदापोलम’ नावाचे तलम सुती कापड डोप लावून चिकटवत. हे नाव आंध्रातील नरसापूरजवळच्या माधवायपालेम या गावावरून आले. तिथे ईस्ट इंडिया कंपनीची वखार होती. अस्सलपणाच्या वादात आयरिश गवताचे गोडवे गाणाऱ्यांना गोदावरीकाठचे हे गाव क्वचितच आठवते.

६/ आता कापडाच्या आयुष्याविषयी. विमानाचे कापड हा सांगाड्याचा कायमचा भाग कधीच नव्हता. ते टायरसारखे होते : झिजते, फाटते, बदलले जाते. त्याचा मोठा शत्रू शत्रूची गोळी नसून ऊन होते. अतिनील किरणांनी लिनन आणि सूत दोन्ही कुजतात. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश विमानांचा तो परिचित खाकी-तपकिरी रंग, ज्यावर प्रतिकृती बनवणारे रात्र रात्र वाद घालतात, तो ‘पी.सी. १०’ या नावाने ओळखला जातो. ‘पी.सी.’ म्हणजे संरक्षक लेप. तो लेप आधी कापडाला उन्हापासून वाचवण्यासाठी होता. उष्ण प्रदेशांसाठी ‘पी.सी. १२’ हा निराळा, तांबूस लेप काढावा लागला. ज्यांनी ही विमाने बांधली, त्यांनाच आपल्या कापडाच्या टिकाऊपणाचा भरवसा नव्हता.

७/ आणि डोप? डोप म्हणजे सेल्युलोजपासून केलेले रोगण. ते वाळताना कापड आकसते, ढोलकीच्या पुडीसारखे ताणले जाते आणि हवा आरपार जात नाही. युद्धाच्या सुरुवातीला या रोगणात टेट्राक्लोरोइथेन नावाचा द्रावक असे. त्याच्या वाफांनी कारखान्यांतल्या कामगारांची यकृते निकामी झाली. कावीळ होऊन काही जण दगावले, त्यांत तरुण स्त्रियाही होत्या. युद्ध चालू असतानाच ब्रिटनला हा द्रावक सोडून द्यावा लागला. नायट्रेट डोप तर आजही ठिणगीची वाट पाहत असल्यासारखे पेट घेते. ‘मूळ साहित्यच हवे’ म्हणणाऱ्यांपैकी कोणी मूळ द्रावकाची मागणी केल्याचे ऐकिवात नाही. म्हणजे लिनन अस्सल हवे, डोप सुधारलेले चालते. हेच ते सोयीचे सोवळे.

८/ कापड फाटले तर काय होते, याची कल्पना जमिनीवरून वाद घालणाऱ्यांना नसते. पंख खालच्या हवेच्या दाबाने उचलला जातो, अशी सामान्य समजूत आहे. खरे तर पंखाच्या वरच्या बाजूला दाब कमी होतो आणि तिथले कापड सांगाड्यापासून वर ओढले जाते. म्हणून ते प्रत्येक फासळीला मेणवलेल्या दोऱ्याने शिवतात आणि टाक्यांवर दातेरी कडांची पट्टी चिकटवतात. १९१८ च्या मे महिन्यात अमेरिकी वैमानिक जेम्स माइसनर आणि एडी रिकनबॅकर या दोघांच्या ‘न्यूपोर २८’ विमानांच्या वरच्या पंखावरील कापड सूर मारताना फाटून गेले. दोघेही कसेबसे जिवंत परतले. दोष पुढच्या कडेच्या बांधणीचा होता. पण कापड सुटले की पंख पंख राहत नाही, हे त्या दोघांना कोणी समजावून सांगावे लागले नसेल.

९/ म्हणूनच कापडाच्या बाबतीत भावना नव्हे, आकडे बोलतात. अमेरिकी नियमांनुसार ‘ग्रेड ए’ सुती कापडाची एक इंच रुंदीची नवी पट्टी किमान ८० पौंड ओढ सहन करणारी हवी. वापरात ती ५६ पौंडांच्या खाली आली, म्हणजे मूळ बळाच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी उरली, की कापड बाद. उघड्यावर, उन्हापावसात उभ्या असलेल्या विमानाचे सुती किंवा लिनन कापड ही मर्यादा काही वर्षांत गाठते. कोकणातला पावसाळा आणि त्यापाठोपाठ येणारी बुरशी ज्यांनी घरातल्या सुती कपड्यांवर पाहिली आहे, त्यांना अधिक सांगायला नको.

१०/ पॉलिएस्टर या कसोटीत कुठे बसते? १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी हा धागा शोधला. भारतीय घरांत तो टेरिलीन म्हणून आला, अमेरिकेत डेक्रॉन म्हणून. विमानासाठीचे कापड न आकसवलेले असते. ते सांगाड्यावर चिकटवून इस्त्रीने तापवतात. तापमान टप्प्याटप्प्याने वाढवत शेवटी सुमारे १७५ अंश सेल्सियसपर्यंत नेले की कापड तंग बसते. ते बुरशीला बधत नाही, पाण्याने कुजत नाही आणि नव्या सुती कापडापेक्षा बळकट असते. उन्हापासून त्यालाही जपावे लागते. त्यासाठी ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेला थर देतात. तो नीट दिला तर कापड दशकानुदशके टिकते.

११/ दोष आहेत, आणि ते लपवणारा पॉलिएस्टरचा मित्र नव्हे. सुती कापडात डोप मुरते. पॉलिएस्टरच्या गुळगुळीत धाग्यात ते मुरत नाही, धाग्याभोवती नुसते लपेटून बसते. पहिला हात निष्काळजीपणे दिला तर पुढे सगळा लेप पापुद्र्यासारखा सुटतो. इस्त्रीचे तापमान थर्मामीटरने न तपासता कोणी हात चालवला, तर कापड इतके आकसते की नाजूक लाकडी फासळ्या आणि पंखाची मागची कड वाकते. शिवाय नेहमीचे डोप वर्षानुवर्षे आकसत राहते, म्हणून पॉलिएस्टरवर न आकसणारे डोप वापरावे लागते. ही कामे घाईची नाहीत. पण हे दोष कारागिराच्या हातून टळतात. उन्हात लिनन कुजणे कोणाच्याच हातून टळत नाही.

१२/ लिननच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. बिनरंगी डोप दिलेले लिनन मधाच्या रंगाचे दिसते. विमान डोक्यावरून गेले की त्यातून सूर्यप्रकाश झिरपतो आणि फासळ्यांची सावली ओळीने उमटते. पॉलिएस्टरला ते रूप येत नाही. छताखाली राहणाऱ्या, वर्षातून मोजक्या वेळा उडणाऱ्या आणि दर काही वर्षांनी नवे कापड चढवण्याइतका पैसा व हात बाळगणाऱ्या विमानाला लिनन शोभते. फासळ्या शिवण्याचे कौशल्य टिकावे ही इच्छाही रास्त आहे, फक्त फासळ्या पॉलिएस्टरखालीही शिवाव्याच लागतात.

१३/ खरा अपराध वेगळाच आहे आणि त्याविषयी ओरड होत नाही. धान्याच्या कोठारात पडलेले जुने विमान सापडते. त्यावर ऐंशी-नव्वद वर्षांचे फाटके, डागाळलेले कापड असते. ‘अस्सल’ लिनन चढवायच्या उत्साहात ते ओरबाडून कचऱ्यात जाते. नवे लिनन हे गेल्या महिन्यात विणलेले कापड आहे, त्याला कोणताही इतिहास नाही. इतिहास त्या चिंध्यांत होता : रंगाचे थर, डागडुजीची ठिगळे, कोण्या शिवणाऱ्या हाताची टाक्याची पद्धत. जर्मनांच्या रंगीत बहुकोनी नक्षीच्या छापील कापडाविषयी आज जे ठामपणे सांगता येते, त्याचा मोठा आधार असे जपून राहिलेले तुकडेच आहेत.

१४/ राइट बंधूंचे विमान १९१३ च्या डेटनच्या पुरात खोक्यांत चिखलाखाली होते. त्याचे मूळ कापड १९२७ मध्ये बदलले, पण त्यातले तुकडे जपले गेले. म्हणूनच १९६९ मध्ये त्यातला एक नील आर्मस्ट्राँग यांच्याबरोबर चंद्रावर जाऊ शकला आणि दुसरा २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या ‘इंजेन्युइटी’च्या सौर पट्ट्याखाली बांधलेला होता. या तुकड्यांनी नव्या कापडाची ‘अस्सल’ नक्कल केली नाही. ते स्वतःच पुरावा म्हणून राहिले.

१५/ भारतीय वायुसेनेचे जतन केलेले टायगर मॉथ २०१२ च्या वायुसेना दिनी हिंडनवर उडाले. पहिले टायगर मॉथ १९३१ मध्ये उडाले होते. या विमानावर शिकलेल्या वैमानिकांच्या पिढ्या उभ्या राहिल्या. असे विमान उडते ठेवायचे, तेही भारताच्या उन्हात आणि दमटपणात, तर पॉलिएस्टर घ्यावे. जे विमान पुन्हा उडणार नाही त्याच्या जुन्या कापडाला हात लावू नये. आणि कापड काढावेच लागले, तर प्रत्येक पंखाचा तुकडा वेगळा ठेवून, त्यावर पंखाची बाजू, जागा आणि काढल्याची तारीख लिहून, आम्लरहित कागदात गुंडाळून अंधाऱ्या कोरड्या जागी ठेवावा. नवे कापड कोणते, कोणते डोप, किती हात, हे विमानाच्या नोंदवहीत लिहावे. शंभर वर्षांनी कोणी ते विमान उघडले, तर कोणते कापड कधीचे हे त्याला वासावरून ओळखत बसावे लागणार नाही.