कुलूप भक्कम, पण दार कुणाचं?

नव्या सर्व्हरला एसएसएचने पहिल्यांदा लॉगिन करताना फिंगरप्रिंट दाखवून "पुढे जायचं का?" असं विचारलं जातं. आमच्याकडे सगळे डोळे झाकून 'येस' ठोकतात. मीही तेच करायचो. का, तर "अरे, एन्क्रिप्टेड आहे ना!"

टेलनेटमध्ये पासवर्ड उघड्यावर जायचा. १९९५ साली हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, म्हणून तातू युलोनेनने एसएसएच लिहिलं. कबूल, कुलूप भक्कम आहे. पण समोरचा सर्व्हरच चोराचा असेल तर? मग पासवर्ड अगदी सुरक्षितपणे, थेट चोराच्या हातात!

अॅडमिनकडून खरा फिंगरप्रिंट घेऊन ताडून बघायला दोन मिनिटं लागतात. तेवढीही नसतील, तर निदान सिक्युरिटीच्या गप्पा तरी मारू नका, राव.