आधी हाताने, मग कॉम्प्युटरने



वर्गाच्या दारावरची 'मराठी वर्ग' ही ॲल्युमिनियमची पाटी पाहून बऱ्याच जणांनी आम्हाला विचारलं, "हे खरंच घरी केलंत?" आणि त्याच्या पाठोपाठ, "पण मुलांच्या हाती असलं मशीन कशाला द्यायचं?" पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्यासाठी हे पान मागून घेतलं आहे. आम्ही म्हणजे दोन घरं. मशीन एकाच्या गॅरेजमध्ये, खर्च निम्मा-निम्मा, वादावादी मात्र दोन्ही घरी पुरेपूर.

हीथ पार्कमध्ये मॉडेल इंजिनियर मंडळींच्या छोट्या आगगाडीवर आपल्यातली बरीच मुलं बसली आहेत. तसल्या इंजिनांचे भाग ज्या छोट्या मशीनवर करतात, त्या जातीचं हे जुनं मिलिंग मशीन. लेथमध्ये काम फिरतं आणि हत्यार धरून ठेवलेलं असतं. मिलिंगमध्ये उलट: कटर फिरतो आणि काम टेबलावर आवळलेलं असतं. टेबल डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे सरकतं, कटर वर-खाली होतो, आणि या तिन्हींसाठी हाताने फिरवायची तीन चाकं. कॉम्प्युटर जोडायचा म्हणजे या चाकांचं काम तीन स्टेपर मोटारींना द्यायचं. ही मोटार सलग फिरत नाही, पावलं टाकते. एका फेऱ्याला २०० पावलं. आमच्या टेबलाखालच्या मळसूत्राच्या एका फेऱ्यात टेबल २ मि.मी. सरकायचं. म्हणजे एक पाऊल किती? बालमित्रांनो, भागाकार करा. ०.०१ मि.मी.!

हे गणित कळल्यावर आमच्या मुलांना पहिल्याच शनिवारी चाकं काढून मोटारी बसवायच्या होत्या. खरं सांगायचं तर आम्हालाही. आडवे आले ते आजोबा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात जन्मभर लेथ आणि मिलिंगवर काम केलेले हे गृहस्थ मे महिन्यात सहा महिन्यांसाठी इकडे आले होते. त्यांनी सांगितलं, "तीन महिने हाताने चालवा. मग काय जोडायचं ते जोडा." मुलं रुसली. आम्हाला वाटलं, म्हातारा माणूस, कॉम्प्युटरची भीती असेल.

तशी भीती बाळगण्याचं त्यांना कारणच नव्हतं, कारण ही कल्पना कॉम्प्युटरहून जुनी आहे. आपल्या वेल्सच्या सीमेवर लानिमिनेख नावाचं गाव आहे. तिथे १७८९ साली जन्मलेल्या रिचर्ड रॉबर्ट्सने कॉनवीच्या लोखंडी पुलाच्या पत्र्यांना भोकं पाडायला १८४७ मध्ये एक यंत्र केलं, आणि कुठे भोक पाडायचं हे त्या यंत्राला जकार्ड मागाच्या पद्धतीने सांगितलं जाई. कापडातली नक्षी विणायची युक्ती त्याने लोखंडाला लावली. पुढे १९५२ साली अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन दाखवलं गेलं, तेही नवं बांधलेलं नव्हतं. बाजारातलं तयार मशीन घेऊन त्याला मोटारी आणि भोकं पाडलेली कागदी पट्टी वाचणारी यंत्रणा जोडली होती. गॅरेजमधले आम्ही त्याच वंशातले, फार खालच्या पायरीवरचे. आणि रॉबर्ट्सने त्याच्याही आधी, १८१७ मध्ये, धातूचा पृष्ठभाग सपाट करणारं जे यंत्र बनवलं, ते छिन्नी आणि कानशीने हातानेच घडवलं होतं. लंडनच्या सायन्स म्युझियमने ते जपून ठेवलं आहे.

ऑगस्टमध्ये मोटारी बसल्या. आजोबांच्या हट्टामुळे चाकं काढली नाहीत, मोटारीच्या मागच्या टोकाला ठेवली. कॉम्प्युटरवर लिनक्स-सीएनसी हा प्रोग्राम घातला. तो फुकट मिळतो. आणि पाटी कोरायला घेतली. म झाला, रा झाला, ठ बिघडला. लांबून ठीक दिसत होता, पण जवळून पाहिलं तर गोल चार ठिकाणी चपटा, आणि रेघ जिथून निघाली तिथे परत येऊन मिळालीच नव्हती. मुलांनी प्रोग्राम तीनदा तपासला. एकही आकडा चुकलेला नव्हता.

आजोबा म्हणाले, "चाक उलटं फिरवून बघा." थोरल्याने फिरवलं आणि तोच ओरडला. चाक पाव फेरा फिरलं तरी टेबल जागचं हललं नाही! जुन्या मळसूत्राचे आटे झिजून जवळजवळ अर्धा मि.मी. ढिलाई आली होती. मोटार पन्नास पावलं टाकत होती, ती सगळी हवेत. गोल काढताना टेबलाला चार जागी दिशा उलटावी लागते, म्हणून बरोबर त्या चार जागी ठ चपटा. हाताने काम करताना हे कधी नडलं नव्हतं, कारण आजोबांचा नियमच होता: मापावर नेहमी एकाच बाजूने यायचं, पुढे गेलात तर बरंच मागे जाऊन पुन्हा या. मुलांच्या मनगटाला ती ढिलाई माहीत होती. कॉम्प्युटरला कोणी सांगितली नव्हती.

मग ती प्रोग्रामला सांगितली. तशी सोय असते. ठ सुधारला, पण पुरता नाही; कापताना कटरच टेबलाला त्या ढिल्या जागेत ओढून घेई. शेवटी मळसूत्रं बदलून गोळ्यांवर फिरणारे बॉल स्क्रू घातले, आणि दुसरा ठ गोल आला. खर्चाचा आकडा इथे छापत नाही, घरी वाचला जाईल.

आमच्या थोरल्याचं म्हणणं अजूनही असं, की पहिल्या दिवशीच बॉल स्क्रू घातले असते तर तीन महिने वाचले असते. मुद्दा अगदीच खोटा नाही. तयार मशीनही विकत मिळतं, आणि ज्याला फक्त पाटी हवी त्याने खुशाल घ्यावं. पण आमच्याकडे दुसरा पुरावाही आहे. धाकटी ऑगस्टमध्ये सामील झाली, हाताने काम न करता थेट कॉम्प्युटरवर. प्रोग्राम ती आमच्यापेक्षा भराभर लिहिते. तिने एका दिवसात दोन कटर मोडले. कटर कुरकुरायला लागला की खोली कमी करायची, हे तिच्या कानाला माहीत नव्हतं. चूक आमची, आम्ही तिला घाईने बसवलं. सध्या ती चाकावर आहे आणि आमच्यावर रागावलेली आहे.

धोक्याचं म्हणाल तर आहेच. मोटारीला बोट आणि ॲल्युमिनियम यातला फरक कळत नाही. म्हणून हाताने चालवायला आधी शिकवावं, असंच आम्ही म्हणतो. ज्याने टेबल स्वतः सरकवलं आहे, तो मध्ये हात घालत नाही.

आणि वर्गाच्या बाईंची क्षमा मागून एक सांगतो: आमची मुलं या उन्हाळ्यात वर्गापेक्षा गॅरेजमध्ये जास्त मराठी बोलली. आजोबांना इंग्रजीत समजावायचा कंटाळा. त्यामुळे बीड, कानस, गुण्या, आटे, पाचर हे शब्द मुलांच्या तोंडी बसले, ते आमच्याही तोंडून गेलेले होते. आजोबा ऑक्टोबरच्या शेवटी परत गेले. बिघडलेला ठ मागून घेऊन गेले. नवा देत होतो, तो नको म्हणाले.

जानेवारीपासून दर शनिवारी वर्ग सुटल्यावर दोन तास गॅरेज उघडं ठेवू. एका वेळी चारच मुलं मावतात, तेव्हा नावं बाईंकडे द्यावीत. डोळ्यांना चष्मा आम्ही देऊ. मोठे केस बांधून यावं, लोंबत्या बाह्या आणि हातमोजे नकोत. सोबत एक पालक हवाच, आणि त्यालाही चाक फिरवावं लागेल.