मजकूर पोचला, तारीख मागे राहिली

दिवाळीच्या साफसफाईत कित्येक कचेऱ्यांमधला जुना कॉम्प्युटर निकालात निघतो आणि त्यातल्या फायली नव्या यंत्रावर हलवल्या जातात. हलवणारा मुलगा हुशार असतो. पेन ड्राइव्ह फिरवत न बसता तो दोन्ही यंत्रे एसएसएचने जोडतो आणि एका कमांडमध्ये सगळा फोल्डर पलीकडे धाडतो. एकही फाइल गहाळ होत नाही. मग कधीतरी कोणीतरी तो फोल्डर तारखेप्रमाणे लावायला जातो, आणि २००९चे कोटेशन, २०१५चा भाडेकरार व गेल्या महिन्यातले बिल एकाच दुपारी जन्मल्यासारखे ओळीने उभे दिसतात.

यात बिघाड काहीच नाही. कॉम्प्युटरच्या लेखी कॉपी करणे म्हणजे पलीकडे एक नवी फाइल तयार करणे, आणि नव्या फाइलवर त्या क्षणाची वेळ पडणारच. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलच्या निदान तीन वेळा नोंदलेल्या असतात: मजकूर शेवटचा कधी बदलला, फाइल शेवटची कधी वाचली आणि तिच्या नोंदीत शेवटचा फेरफार कधी झाला. आपल्याला हवी असते ती यातली पहिली, ‘एमटाइम’. ती फाइलच्या पोटात नसते. डिस्कवरच्या नोंदवहीत असते. त्यामुळे नुसता मजकूर पाठवला की ती मागेच राहते. ती वेगळी पाठवावी लागते आणि पलीकडे फाइल लिहून झाल्यावर पुन्हा लावावी लागते.

एसएसएच हे १९९५ सालचे काम. हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तिथल्या टाटू युलोनेन यांनी ते लिहिले. वाटेत कोणी वाचणार नाही, कोणी बदलणार नाही आणि पलीकडचे यंत्र खरेच तेच असेल, ही त्याची हमी. ती ते चोख पाळते. फाइलच्या वयाचा त्या हमीत उल्लेख नाही. बंद पाकीट सुखरूप पोचावे, पण पोस्टमननेच वरचा जुना शिक्का पुसून आजचा मारावा, असा हा प्रकार आहे.

उपाय एका अक्षराचा आहे. एसएसएचवरून फायली कॉपी करणाऱ्या ‘एससीपी’ या कमांडला स्मॉल पी जोडला की बदलाची वेळ, वाचल्याची वेळ आणि परवानग्या फाइलसोबत जातात. कॅपिटल पी जोडला तर तो पोर्टचा आकडा मागतो. घाईत इथे अनेकांची फसगत होते. ‘एसएफटीपी’मध्ये ‘गेट’ आणि ‘पुट’ला तोच स्मॉल पी चालतो. विनएससीपी तारखा आपणहून जपते. फाइलझिलात ‘ट्रान्सफर’ मेन्यूत त्यासाठी खूण करायची सोय आहे. ‘आरसिंक’ला ‘ए’ दिला की त्यात तारखा जपणे आलेच. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियात आणलेल्या या आरसिंकचे तर पोटच तारखेवर चालते. दोन्हीकडच्या फाइलचा आकार आणि बदलाची वेळ जुळली, की ते ती फाइल सोडून पुढे जाते. पहिल्या खेपेला तारखा जपल्या नाहीत, तर पुढच्या खेपेला प्रत्येक फाइल त्याला बदललेली वाटते आणि दहा मिनिटांचे काम रात्रभर चालते.

माझे म्हणणे असे, की हे अक्षर मागावेच लागू नये. तारीख जपणे हा नेम असावा आणि आजची तारीख लावणे हा अपवाद. यावर प्रोग्रामर मंडळींचा आक्षेप ठरलेला आहे, आणि तो पोकळ नाही. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये लिहिलेले ‘मेक’ आजही वापरात आहे. कोणती फाइल कोणत्या फाइलपेक्षा नवी, एवढे पाहून काय पुन्हा बांधायचे ते ‘मेक’ ठरवते. जुन्या तारखेची फाइल गुपचूप आत आली, तर ते तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणूनच कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे ‘गिट’ फायली बाहेर काढताना त्यांना जाणूनबुजून ताजी वेळ लावते. ‘कालपासून बदललेले तेवढे उचल’ असे सांगितलेल्या बॅकअपच्या हातूनही अशी फाइल निसटते.

तरीही पारडे माझ्या बाजूने झुकते, कारण दोन्ही चुकांची किंमत सारखी नाही. जपलेल्या जुन्या तारखेच्या जागी आजची तारीख हवी असेल, तर ‘टच’ ही एक कमांड पुरते, आणि ती उद्याही देता येते. गेलेली तारीख मात्र कोणतीही कमांड परत आणत नाही. जुनी डिस्क भंगारात गेली की विषय संपला. जिथे एक चूक दुरुस्त होते आणि दुसरी होत नाही, तिथे यंत्राने दुसरीपासूनच वाचवायला हवे.

जपलेली तारीखही डोळे झाकून मानायची नसते. फॅट पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांनी नोंदली जाते, तीही स्थानिक घड्याळाप्रमाणे. दुसऱ्या यंत्राने ती ग्रीनिचची धरली की बरोबर साडेपाच तासांचा घोळ होतो. विंडोजमध्ये साधी कॉपी केली तर बदलाची तारीख जुनी राहते आणि निर्मितीची नवी पडते, म्हणून फाइल जन्मण्याआधीच बदललेली दिसते. शिवाय तेच ‘टच’ हवी ती खोटी तारीखही लावून देते. तेव्हा फाइलवरची तारीख हा माग आहे, पुरावा नव्हे.

पुरावा काय असतो, हे जालन्याने दाखवले आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत तिथे अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल न्यायालयात गेले. खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत आला की नंतर, हा वाद होता आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले चित्रीकरण त्यात महत्त्वाचे ठरले. त्याच प्रकरणात जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की मूळ यंत्र हजर करता येत नसेल तर प्रतीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५बचे प्रमाणपत्र हवे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हे कलम ६३ झाले आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशचा, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ओळखखुणेचा, रकाना आला.

पण हॅश फक्त मजकुराचा निघतो. तारीख पुसली गेली तरी तो तसूभर बदलत नाही, आणि म्हणूनच तपासणीत ‘सगळे जुळले’ असा शेरा मिळूनही तारखा गेलेल्या असू शकतात. हॅश सांगतो की मजकूर तोच आहे. तो केव्हाचा आहे, हे सांगायचे काम दुसऱ्या कोणीतरी करायला हवे.

म्हणून यंत्र बदलायचे कंत्राट देताना कागदावर तीन ओळी वाढवाव्यात. फायली तारखांसकट हलवाव्यात. हलवण्याआधी जुन्या यंत्रावरची नावे, तारखा आणि हॅश यांची यादी काढून ती वेगळी ठेवावी. आणि नव्या यंत्रावरच्या फायली त्या यादीशी ताडून पाहिल्याशिवाय जुनी डिस्क पुसू नये, की बिलही चुकते करू नये.