७८ किलोंच्या पुढे

जून २०२५ मध्ये बुडापेस्टच्या जागतिक ज्युदो स्पर्धेत किम हा-युनने अंतिम लढतीत जपानच्या माओ अराईला हरवलं आणि ७८ किलोंवरील गटाचं सुवर्ण कोरियाला नेलं. महिलांच्या सर्वांत वरच्या वजनगटात कोरियाचं यापूर्वीचं जगज्जेतेपद १९९१ चं, मून जी-युनचं. तेव्हा हा गट ७२ किलोंवर सुरू होत असे. ऑलिंपिकमध्येही २००० च्या सिडनीत किम सन-यंगने कांस्य घेतलं, त्यानंतर थेट २०२४ चं पॅरिस. ज्युदोत एवढा मुरलेला देश, पण या एका गटात त्यालाही इतकं थांबावं लागलं.

मधल्या काळात तिथे कुणी नव्हतं असं मुळीच नाही. रिओ ऑलिंपिकमध्ये किम मिन-जंग कांस्याच्या लढतीपर्यंत पोहोचून हरली, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्य मिळवलं. टोकियो ऑलिंपिकला हान मी-जिन गेली, हा-युन घरी राहिली. आमच्या मते खरी बातमी हीच आहे. ऑलिंपिक पदक नसतानाही या गटात जागेसाठी चुरस होती, म्हणजे सरावाला अंगावर येणारी, तेवढ्याच वजनाची माणसं होती.

पुढे हांगचौच्या आशियाई स्पर्धेत, २०२३ मध्ये, हा-युनने सुवर्ण घेतलं. त्या स्पर्धेत कोरियन ज्युदोला मिळालेलं ते एकमेव सुवर्ण. आणि मग २ ऑगस्ट २०२४, पॅरिस. प्रशिक्षकांनी तिचा हा दिवस आपल्या मुलींबरोबर बसून पाहावा. उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलच्या बियात्रिझ सौझाशी गाठ पडली. व्हिडिओ पाहून पंचांनी निर्णय फिरवला, तो हा-युनच्या विरोधात गेला आणि लढतही गेली. (सौझाने पुढे सुवर्णच घेतलं, पण हरणाऱ्याला त्या क्षणी त्याचा काय उपयोग?) अशा वेळी आपले खेळाडू मॅटवरून उतरतात ते पंचांच्या नावाने बोटं मोडत, आणि रेपेचाजची लढत सुरू होण्याआधीच हरलेले असतात. हा-युन रेपेचाज जिंकली आणि कांस्याच्या लढतीत तुर्कस्तानच्या कायरा ओझदेमिरला तिने इप्पॉनवर घालवलं. मिश्र सांघिक स्पर्धेत कांस्य मिळवणाऱ्या संघातही ती होती. महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या किम मी-जंग, १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या सुवर्णविजेत्या.

त्याच दिवशी, त्याच गटात आपली तुलिका मानही उतरली होती. राष्ट्रकुल स्पर्धेची ही रौप्यविजेती क्यूबाच्या इदालिस ऑर्टिझपुढे अर्धा मिनिटही टिकली नाही. तुलिकाला दोष देणं सोपं आहे. पण ऑर्टिझसारखी पकड तिला घरच्या मॅटवर कितीदा अनुभवायला मिळाली असेल?

आपल्याकडे जिल्हा स्पर्धेत या गटात पुष्कळदा दोन-तीनच नावं असतात. एक लढत जिंकली की पदक, कधी तीही नाही. अंगाने थोराड मुलगी हॉलमध्ये आली की तिला पहिला सल्ला मिळतो वजन उतरवण्याचा, तोही बहुतेकदा सगळ्यांसमोर. रँडोरीला तिच्या वाट्याला येते साठ किलोंची मैत्रीण. तिला ती नुसत्या वजनाने दाबते, आणि पायांचं काम, पकडीची झटापट, डाव जोडणं हे सगळं शिकायचं राहून जातं. मग मोठ्या स्पर्धेत समोरचीही तेवढीच जड निघाली की ही उभ्या जागी शिडो खात राहते.

म्हणून या अंकाच्या निमित्ताने राज्य संघटनेकडे आणि क्लब चालवणाऱ्यांकडे आमची एक मागणी आहे. पुढच्या शिबिरात ७८ किलोंवरील मुलींना वेगवेगळ्या जिल्ह्यांत विखरून ठेवू नका, एका मॅटवर आणा. चार जणी जमल्या तरी चालेल. सरावाला ८१ आणि ९० किलो गटातले समजूतदार मुलगे द्या. आणि निवड चाचणी घ्यायचीच तर एकीलाच बोलावून कागद पुरा करू नका. दुसरी मिळत नसेल तर ती का मिळत नाही, याचं उत्तर आधी आपसांत शोधा.